जॉन, जॉन्या आणि वरून लावलेला जॅक

प्रश्न असा आहे: "अमक्याला नोकरी लागली की लोक म्हणतात, 'वरून जॅक लावला असणार.' हा जॅक, गाडी उचलायचा जॅक, पत्त्यांतला जॅक, हेडफोनचा जॅक, जॅकपॉट, आणि इंग्रज माणसाचं नाव जॅक, हे सगळे एकच का? असतील, तर एका साध्या नावाला इतके अर्थ कसे चिकटले?"

घराणं एकच आहे, पण सगळे सख्खे नाहीत. काही चुलत आहेत, आणि ज्यांना आपण नातेवाईक समजतो त्यातले दोघे तर नुसतेच सारख्या नावाचे आहेत. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी नाव. जॅक हे मुळात स्वतंत्र नाव नाही, ते जॉनचं घरगुती रूप आहे. जॉन आणि जॅक यांत पहिलं अक्षर सोडलं तर काही जुळत नाही, म्हणून हे पटायला जड जातं. पण मध्ययुगीन इंग्रजीत 'जान'ला लाडाचा 'किन' लागून 'जानकिन' झालं, त्याचं 'जॅकिन', आणि शेपूट गळून 'जॅक'. फ्रेंचांचं 'जाक' हे नाव दिसायला जवळचं वाटतं, पण ते जेकब-जेम्सच्या कुळातलं. त्याची सावली जॅकवर पडली असेल, पण इंग्लंडात जॅक म्हणजे जॉनच.

मराठीत हे एका शब्दात सांगता येतं: जॅक म्हणजे जॉन्या. आपल्याकडे रमेशचा रम्या होतो, बाळूचा बाळ्या, जोश्यांचा जोश्या. या 'या'त प्रेमही असतं आणि हक्कही. रमेशराव म्हणायचं की रम्या, यावरून कोण कोणाला काम सांगू शकतो ते कळतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. जॉन हे नाव नोंदवहीत, शिलालेखात, राजाच्या यादीत राहिलं. जॅक हे हाकेत राहिलं. आणि अर्थ चिकटतात ते हाकेला.

मध्ययुगीन इंग्लंडात जॉन या नावाचा इतका सुळसुळाट होता की गर्दीत 'जॅक!' म्हणून ओरडलं तर दोनचार जण तरी वळून बघत. मग ज्याचं नाव माहीत नाही त्यालाही जॅक म्हणायचं. १३८१ साली तिथे शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला, त्यातल्या एका पुढाऱ्याचं नाव जॅक स्ट्रॉ. स्ट्रॉ म्हणजे गवताची काडी, तेव्हा ते खरं नाव होतं की घेतलेलं, याचा विचार ज्याने त्याने करावा. त्याच उठावातली काही पत्रं इतिहासकारांनी उतरवून ठेवली आहेत. त्यांवर जॅक मिलर, जॅक कार्टर, जॅक ट्रूमन अशी नावं येतात: जॅक पीठगिरणीवाला, जॅक गाडीवान, जॅक सच्चा माणूस. ही माणसं नाहीत, वर्ग आहेत. आपण 'कोणी सोम्यागोम्या' म्हणतो ना, तसे. (गंमत म्हणजे त्याआधी १३५८ साली फ्रान्समध्ये जो उठाव झाला त्याचं नाव 'जाकरी', कारण तिथले सरदार शेतकऱ्याला 'जाक बोनोम' म्हणून हिणवत. म्हणजे दोन्ही देशांत खालच्या माणसाच्या वाट्याला एकाच आवाजाचं नाव आलं.)

मात्र सोम्यागोम्या आपल्याकडे तिथेच थांबले. 'सोमाजी गोमाजी कापसे' अशी त्यांना आडनावासकट बढती मिळाली, पण ते 'कोणीही' या अर्थाच्या पलीकडे गेले नाहीत. जॅक पुढे गेला, कारण त्याला कामाला लावलं.

'कोणीही माणूस'पासून 'हाताखालचा माणूस' हे एकच पाऊल आहे. हाक मारली की येणारा तो जॅक. इथे मराठी वाचकाला मुंबईतला 'रामा' आठवावा. घरगडी ठेवला की त्याचं नाव काहीही असो, कित्येक घरांत तो 'रामा'च. 'आमचा रामा गावाला गेलाय' या वाक्यात विशेषनामाचं सामान्यनाम होऊन बसलेलं असतं, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. 'पांडू'चं तसंच, फक्त गणवेश वेगळा. १९७५ साली 'पांडू हवालदार' हा चित्रपट आला आणि पोलीस शिपायाला पाठीमागे पांडू म्हणण्याचा प्रघात चांगलाच रुजला. पांडुरंगचा पांडू होतानाच तो अर्धा घसरलेला असतो, हे लक्षात घ्या. 'पांडुरंग' या पूर्ण नावाला तो अर्थ कधीच चिकटला नसता.

पत्त्यांकडे बघा. राजा, राणी आणि तिसरा कोण? आपल्याकडे गुलाम. फ्रेंच पत्त्यांत 'व्हाले', म्हणजे सेवक. जर्मनमध्ये 'बूबे', म्हणजे पोरगा. इंग्रजीत जुना शब्द 'नेव्ह', ज्याचा मूळ अर्थ मुलगा, मग चाकर, मग लबाड. आपला 'गुलाम'ही अरबीत मुळात पोरगाच. चाकर आणि दास हे अर्थ नंतरचे. म्हणजे चार भाषांनी पोरगा आणि चाकर यांच्यामधली तीच वाट तुडवली आहे. मराठीत 'पोऱ्या' म्हटल्यावर आजही वय कळतं की हुद्दा, सांगा!

नेव्हचा जॅक कसा झाला त्याची गोष्ट छान आहे. सतराव्या शतकात 'ऑल फोर्स' नावाच्या एका खेळात हुकमाच्या नेव्हला जॅक म्हणत. हा खेळ साध्या लोकांचा, त्यामुळे तो शब्दही गावंढळ ठरला. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीत (१८६१) श्रीमंत घरातली एस्टेला गरीब घरातल्या पिपला हसते ती यावरूनच: हा मुलगा नेव्हला जॅक म्हणतो! पण त्याच शतकाच्या उत्तरार्धात पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायची पद्धत आली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये किंग आणि नेव्ह दोघांचं पहिलं अक्षर 'के'च. हातात पंखा करून धरलेल्या पानांत राजा कुठला आणि गुलाम कुठला, घोळ व्हायला लागला. जॅकचं 'जे' सोयीचं पडलं. एस्टेला कितीही हसली तरी छापखान्याने पिपच्या बाजूने निकाल दिला.

जॅकपॉट इथलाच. पोकरच्या एका प्रकारात निदान गुलामांची जोडी हातात असल्याशिवाय डाव उघडता येत नसे. कोणाकडेच नसली की पुन्हा पैसे टाकायचे, पुन्हा वाटायचं, आणि मधला ढीग वाढत जायचा. तो ढीग म्हणजे जॅकपॉट. लॉटरीशी त्याचं नातं फार नंतर जुळलं.

आता तुमचा गाडीचा जॅक. चाकराच्या जागी यंत्र आलं, तेव्हा यंत्राला चाकराचंच नाव मिळालं. चुलीसमोर बसून मांसाचा गज फिरवत राहणं हे पोऱ्याचं काम होतं. वजनाने आपोआप फिरणारी योजना निघाली, तिला जॅक म्हणू लागले. मालकाचे उंच बूट ओढून काढायला नोकर लागे. टाच अडकवून बूट काढायची खाचेची फळी आली, ती बूटजॅक. मग जड वस्तू खालून उचलून धरणारा तो जॅक. माणूस आणि यंत्र यांमधला दुवा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर इंग्लंडातल्या जुन्या घड्याळांत दिसतो. ठराविक वेळाने घंटेवर टोला मारणाऱ्या बाहुल्यालाही जॅक म्हणतात. वेल्स गावच्या कॅथीड्रलमध्ये असा एक बसलेला आहे, त्याचं नाव जॅक ब्लँडिफर. हाताने आणि टाचेने घंटा वाजवतो. अंगावर कपडे माणसाचे, आत यंत्र.

आपल्याकडे असं होतं का? मला बरीच वर्षं उदाहरण सापडत नव्हतं. मग इंडियन ऑइलने २०२० साली आपल्या पाच किलोच्या गॅस सिलिंडरला 'छोटू' हे नाव दिलं, आणि मी जागेवरच टाळी वाजवली. टपरीवरच्या, गॅरेजमधल्या पोराला त्याचं नाव न विचारता मारायची हाक, ती आता लोखंडी टाकीला. छोटू हे जॅकसारखं नामकरण केलेलं नाव नाही, हे मान्य. पण वाट तीच.

'छोटू'वरून जॅकचा आणखी एक धागा लक्षात येतो. पोऱ्या लहान असतो, म्हणून जॅक म्हणजे नेहमीपेक्षा लहान असलेली वस्तू. बोल्स या हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळात लक्ष्य म्हणून टाकलेला छोटा चेंडू जॅक. जहाजाच्या नाळेवर फडकवायचं छोटं निशाण जॅक, आणि त्यावरून 'युनियन जॅक'. राजा जेम्सच्या 'जाक' या फ्रेंच सहीवरून हे नाव आलं असं सांगितलं जातं. ऐकायला झकास, पण आधार नाही. जहाजावरचा खलाशीही जॅकच: 'जॅक टार', डांबराने माखलेला. लाकूडतोड्या लंबरजॅक, उंच मनोऱ्यांवर चढून डागडुजी करणारा स्टीपलजॅक. नर गाढव जॅकअ‍ॅस, आणि मादी जेनी. जेनीचंही नाव हाकेतलंच बरं का, आणि तिच्या वाट्यालाही 'स्पिनिंग जेनी' हे सूतकताईचं यंत्र आलं.

'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स'बद्दल नेहमी विचारतात म्हणून सांगतो. सतराव्या शतकात ते आलं तेव्हा त्यात टोमणा नव्हता. सगळी कामं येणारा माणूस, एवढंच. म्हणजे आपला 'हरहुन्नरी'. 'पण एकातही उस्ताद नाही' ही पुस्ती मागाहून जोडली गेली, आणि ती जोडल्यावर हरहुन्नरीचं 'एक ना धड, भाराभर चिंध्या' झालं. हल्ली मोबाइलवर तिसरी ओळ फिरते, की 'तरीही एकातल्या उस्तादापेक्षा बरा', आणि खाली लिहिलेलं असतं की हीच मूळ म्हण. ती आजकालची भर आहे, जुन्या कागदात ती कुठे नाही.

हेडफोनचा जॅक जरा आडवाटेने आला. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मिटणाऱ्या चाकूसारखा दिसणारा एक स्विच असे. त्या चाकूला जॅकनाइफ म्हणत, म्हणून स्विचही जॅकनाइफ, आणि पुढे नुसता जॅक. तांत्रिक भाषेत जॅक म्हणजे भोक आणि त्यात घालायची पिन म्हणजे प्लग. आपण पिनेलाच जॅक म्हणतो. दुकानदारालाही तेच कळतं, तेव्हा ते सुधारायच्या भानगडीत पडू नये.

एक उलट उदाहरण देतो, म्हणजे फरक कळेल. इंग्रजीतलं 'गाय', ज्याने आज अमेरिकेत सगळ्या मित्रमैत्रिणींना एकत्र हाक मारतात, तेही मुळात एक नाव. पण ते सर्वसामान्य होतं म्हणून पसरलं नाही, एका माणसामुळे पसरलं. १६०५ साली लंडनची पार्लमेंट उडवून देण्याच्या कटात गाय फॉक्स पकडला गेला. दरवर्षी ५ नोव्हेंबरला त्याचा पुतळा जाळू लागले, त्या पुतळ्याला 'गाय' म्हणू लागले, मग बुजगावण्यासारखे कपडे घातलेल्या माणसाला, आणि अमेरिकेत पोचेपर्यंत कोणाही माणसाला. आपले नारद, शकुनी, कुंभकर्ण यांची सुरुवात याच जातीची. एकाची गोष्ट असते आणि त्या गोष्टीतला एक गुण नावाला कायमचा चिकटतो. म्हणून कुंभकर्णाला अर्थ एकच, झोप. जॅकला गोष्टच नाही. रिकाम्या भांड्यात काहीही ओतता येतं, म्हणून त्याचे अर्थ पंचवीस.

आणि बिचारा जॉन? त्यालाही कामं लागली, पण बरीचशी कागदी: 'जॉन बुल' म्हणजे व्यंगचित्रातला इंग्रज, 'जॉन डो' म्हणजे अनोळखी इसम. अमेरिकेत संडासालाही जॉन म्हणतात, हा अपवाद घ्यावा लागेल. जॅकने मात्र इतकी कष्टाची कामं करूनही बाळसं धरलं: इंग्लंड आणि वेल्समध्ये नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००८ पर्यंत मुलांच्या नावांत तोच पहिला होता. आपल्याकडे कोणी मुलाचं नाव नोंदवताना 'रम्या' लिहील का?

आता ते दोन तोतये. फणसाच्या इंग्रजी नावातला जॅक हा मल्याळममधल्या 'चक्क'चा पोर्तुगीजांनी केलेला 'जाका' आहे. आणि 'जॅकल' म्हणजे कोल्हा हा फारसी 'शगाल'वरून तुर्की वाटेने गेला, तो आपल्या संस्कृत 'शृगाला'चा भाऊबंद. दोघांचा जॉनशी काडीचा संबंध नाही. 'हायजॅक'चं मूळ पक्कं ठरलेलं नाही. लुटारू 'हाय, जॅक' म्हणून गाडी थांबवत ही कथा नंतर रचलेली दिसते.

राहिला वरून लावलेला जॅक. हा मराठीत इंग्रज माणसाकडून नाही, गॅरेजमधून आला. चाक रुतलेलं असतं, गाडी आपल्या बळावर उठत नाही, खालून काहीतरी लावावं लागतं. त्यासाठी आपल्याकडे 'वशिला' होताच, तोही अरबी 'वसीला', म्हणजे साधन. पण वशिला दिसत नाही. जॅक डोळ्यांसमोर उभा राहतो, दांडा मारलेलाही दिसतो. फक्त एक खटकतं. जॅक लावतात तो खालून. आपण मात्र म्हणतो 'वरून जॅक लावला', आणि ते ऐकून कोणीही हसत नाही.