एफडी मोडून विलायतेतल्या निवडणुकीवर पैज?

प्रश्न: मुलगा मँचेस्टरला एमएससी करतोय. तिथे निवडणुकीवर पैसे लावणं कायदेशीर आहे आणि एक पक्ष नक्की जिंकणार, असं तो म्हणतो. 3 लाखांची एफडी मोडून शिक्षणखर्चाच्या नावाने पाठवू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: कायद्याबद्दल चिरंजीव खोटं बोलत नाहीत. ब्रिटनमध्ये 2005 च्या जुगार कायद्याखाली परवाना असलेल्या बुकीकडे प्रौढ माणूस निवडणुकीवर उघड पैसे लावू शकतो. जिंकलेल्या रकमेवर तिथे करही नाही. स्वतःच्या कमाईतले दहा पौंड त्याने लावले तर माझी हरकत नाही. तुमचे पैसे मात्र कोल्हापुरातून निघणार, आणि गाडी तिथेच अडते.

परदेशी पैसे पाठवताना ए-2 अर्जावर कारण लिहून तुम्ही सही करता. लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक अशा पैजा-सोडतींसाठी पैसे बाहेर पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत मनाई आहे. वर ‘शिक्षण’ लिहिलंत तर ते खोटं निवेदन. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत, म्हणजे 9 लाखांपर्यंत जाऊ शकतो. राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचे भाव आपल्याकडे बातम्यांत झळकतात म्हणून हे चालतं असं वाटतं. चालत नाही.

आता त्या ‘नक्की’चं बघू. समजा, पहिल्या पक्षावर 100 लावून जिंकलात तर मुद्दलासकट 150 मिळतात आणि दुसऱ्यावर 270. 100 ला या भावांनी भागून त्यांत दडलेली शक्यता काढा: 66.7 आणि 37 टक्के. बेरीज जवळपास 104 टक्के! वरचे चार बुकीचे. शिवाय 150 च्या भावाला तीनांत दोनदा बरोबर आलात तरी फक्त मुद्दल सुटतं. आणि भाव चुकतातही. 23 जून 2016 च्या रात्री ब्रेक्झिटचं मतदान संपलं तेव्हा बुकींचे भाव ब्रिटन युरोपीय संघातच राहणार असं सांगत होते. सकाळी उलटं झालं.

एफडी मोडू नका. फीचा हप्ता आला की थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा.

मला खरी काळजी रकमेची वाटते. विद्यार्थ्याला पैजेसाठी एकदम 3 लाख कशाला लागतात? ब्रिटनमध्ये 2020 पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळता येत नाही, त्यामुळे हात रिकामे झाले की घरी फोन येतो. आधी किती हरलास, हे त्याला न रागावता विचारा. आकडा मोठा निघाला तर त्याला गॅमस्टॉपवर, म्हणजे जुगारापासून स्वतःला रोखण्याच्या तिथल्या यादीत, नाव नोंदवायला सांगा; नोंदणी मोफत आहे, आणि मग तिथल्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्या त्याला खेळू देत नाहीत.