येशूचं पुनरुत्थान इतिहासावर उभं आहे की नुसत्या श्रद्धेवर?

तुम्ही विचारलंय की येशू मेलेल्यांतून उठला या विश्वासाला इतिहासाचा आधार आहे का, आणि असेल तर पुरावा काय. मुंबईच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत हे विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, "श्रद्धेच्या गोष्टीत पुरावे मागू नयेत." दुसरं, "पाचशे साक्षीदार आहेत, कुठल्याही कोर्टात सिद्ध होईल." बायबल वर्गात वर्षानुवर्षं मी या दोन्ही उत्तरांशी भांडत आलोय. दोन्ही चूक आहेत.

पहिलं उत्तर तर बायबललाच धरून नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात पौल, म्हणजे पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक, सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनावर आपल्याकडे वाद आहेतच, पण कोणी ते नाकारलं म्हणून गाथेतला एक अभंग कमी होत नाही आणि वारी थांबत नाही. ख्रिस्ती धर्माला ही सोय नाही. चर्चमध्ये म्हणायच्या विश्वासांगिकारात पिलाताचं नाव येतं. येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा हा इ.स. 26 ते 36 या काळातला यहूदियाचा रोमन सुभेदार. प्रार्थनेत सरकारी अधिकाऱ्याचं नाव घालणारा धर्म "आमचा इतिहासाशी संबंध नाही" असं म्हणू शकत नाही.

आता पाचशे साक्षीदार. त्याच अध्यायातली 3 ते 8 ही वचनं नीट वाचा. पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हांला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे शिष्य पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि शेवटी मला. पत्र इ.स. 53 ते 55च्या सुमाराचं. पण "मिळालं" आणि "दिलं" हे शब्द त्या काळी पाठ केलेली परंपरा पुढे सोपवताना वापरत, म्हणजे यादी पत्रापेक्षा जुनी आहे. किती जुनी, ते गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातून काढता येतं. ख्रिस्ती झाल्यावर तीन वर्षांनी पौल यरुशलेमला गेला, केफाकडे 15 दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. यादीत नावानिशी असलेले दोघे हेच. वधस्तंभाची घटना इ.स. 30 किंवा 33 धरली, तर या साक्षीची मुळं घटनेपासून फार तर पाच-सात वर्षांवर येतात. प्राचीन इतिहासात इतकं जवळचं साधन क्वचित मिळतं. पुनरुत्थानाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद हाच.

पण पाचशे जणांचा उल्लेख म्हणजे पाचशे साक्षी नव्हेत. तो एका माणसाने केलेला उल्लेख आहे, त्यात एकही नाव नाही, जागा नाही. त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असं पौल लिहितो, म्हणजे त्याला लपवायचं काही नव्हतं. तरी कोर्टाची भाषा करायची तर ही ऐकीव माहिती ठरेल.

येशूची कबर रिकामी सापडली, हे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. मार्क 16, मत्तय 28, लूक 24 आणि योहान 20 हे चार शुभवर्तमानांतले, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतले, अध्याय शेजारी शेजारी ठेवा आणि कागदावर चार रकाने पाडा: कबरेकडे कोण गेलं, तिथे कोण दिसलं, पुढे काय केलं, येशू कुठे भेटला. मार्कमध्ये तीन स्त्रिया, मत्तयमध्ये दोन, योहानमध्ये नाव एकट्या मग्दालिया मरीयेचं, म्हणजे येशूच्या एका अनुयायी स्त्रीचं. मार्कमध्ये एक तरुण, लूकमध्ये दोन पुरुष. शिष्यांशी भेट मत्तयमध्ये गालीलात, लूकमध्ये यरुशलेम परिसरात. मार्कच्या स्त्रिया भीतीने कोणाला काहीच सांगत नाहीत आणि 8व्या वचनावर मजकूर संपतो. 9 ते 20 ही वचनं बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या हस्तलिखितांत नाहीत, ती नंतर जोडली गेली आहेत. हे वर्गात सांगितलं की लोक अस्वस्थ होतात. पण सांगायलाच हवं, कारण कधीतरी कोणीतरी सांगणारच.

तपशील जुळत नाहीत, पण गाभा जुळतो: आठवड्याचा पहिला दिवस, पहाट, मग्दालिया मरीया, बाजूला झालेली धोंड. शिवाय स्त्रियांच्या साक्षीला त्या समाजात फारशी किंमत नव्हती. लूकमध्ये तर प्रेषितांनाच ती वायफळ बडबड वाटते. रचायचीच होती तर कथा पेत्रापासून सुरू झाली असती. उलट बाजूचा मुद्दाही खरा आहे की पौलाच्या यादीत या स्त्रिया नाहीत.

बायबलबाहेरच्या पुराव्यात रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताच्या हातची शिक्षा सांगतो, पुनरुत्थान नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या येशूविषयीच्या प्रसिद्ध उताऱ्यात नंतरच्या ख्रिस्ती हातांनी भर घातलेली आहे, तो पुरावा म्हणून नाचवू नका. 1968मध्ये यरुशलेमजवळ टाचेच्या हाडात खिळा अडकलेले अवशेष अस्थिपेटीत सापडले. वधस्तंभावर मेलेल्याला रीतसर पुरलं जाऊ शकत होतं, एवढंच त्यावरून ठरतं.

इतिहास आपल्याला इथपर्यंत आणतो: येशू मेला, आणि थोड्याच काळात त्याच्या ओळखीच्या माणसांची खात्री झाली की तो आपल्याला दिसला. त्यांना काय दिसलं आणि ते कशामुळे, हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही पुनरुत्थानाला खरी घटना म्हणतो, पण ते घडताना कोणी पाहिलं नाही हेही मान्य करतो.

"न पाहता विश्वास ठेवणारे धन्य" हे वचन प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडावर फेकणाऱ्यांनी योहान 20 पूर्ण वाचावा. शिष्य थोमाने जखमा पाहायला मागितल्या, तेव्हा येशूने त्याला हाकललं नाही, बोट पुढे कर म्हणाला. आणि त्या वचनानंतर लगेच लेखक सांगतो की तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिलं आहे, म्हणजे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्या हाती लेखी साक्ष दिली आहे. चर्चगेट हे नाव फोर्टातल्या ज्या 1718च्या चर्चवरून पडलं, ते याच थोमाच्या नावाचं आहे.

वरच्या तारखा अंदाजी आहेत, अभ्यासकांत दोन-चार वर्षांचा फरक पडतो. आणि बहुतेक ख्रिस्ती माणसं हे सगळं तपासून विश्वासात आलेली नसतात, घरून आलेली असतात, त्यात गैर काही नाही. तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर आधी गलतीकरांस 1, मग करिंथकरांस पहिलं 15, आणि शुभवर्तमानं त्यानंतर. उलट क्रमाने वाचलं की पौलाच्या यादीत नसलेल्या गोष्टी आपण नकळत तिच्यात भरतो.