परीकथांची नवी रूपं वाचायला घेताय?

आधी त्या गोष्टीचा जुना पाठ वाचा, पंधरा मिनिटं पुरतात. फक्त तो कोणता, ते बघून घ्या. लाल टोपीवालीला फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७च्या पाठात लांडगा खातो आणि गोष्ट तिथंच संपते. पोट फाडून तिला सोडवणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहात भेटतो. त्याच संग्रहात हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई सख्खी आई आहे, सावत्र झाली ती १८१९च्या आवृत्तीत. म्हणजे बदल करणं हे काही आजच्या लेखकांचं खूळ नव्हे!

सुरुवात लघुकथेपासून करा. थेट जाडजूड मालिकेला हात घातला, तर मूळ धागा हरवतो. वाचताना निवेदक कोण आणि शेवट कुठं वळवलाय, एवढंच टिपा. नुसती राजकन्येच्या हाती तलवार दिलेली पुस्तकं खुशाल मागं ठेवा.