एलायझामध्ये गहू 'पीएव्ही' पॉझिटिव्ह आला. आरटी-पीसीआर केली की विषाणूची प्रजाती नक्की कळेल का?

तुम्ही म्हणताय, गव्हाची पानं टोकाकडून पिवळी पडत गेली, पिकावर मावा होता आणि एलायझा (अँटीबॉडीने विषाणू ओळखणारी चाचणी) पीएव्हीला, म्हणजे बार्ली यलो ड्वार्फ रोगाच्या विषाणूच्या एका प्रकाराला, पॉझिटिव्ह आली. आरटी-पीसीआरने, म्हणजे विषाणूच्या आरएनएचा तुकडा डीएनएत उतरवून वाढवला की, प्रजाती कळेल, पण नुसत्या बँडवरून (जेलवर दिसणाऱ्या पट्ट्यावरून) नाही. विषाणूनिदानाच्या प्रयोगशाळेत काम करताना हा गैरसमज मला सारखा भेटतो: जेलवर अपेक्षित लांबीचा बँड दिसला की लोक अहवाल लिहून मोकळे होतात.

गोंधळाचं मूळ जुनं आहे. बार्ली यलो ड्वार्फच्या प्रकारांना नावं दिली गेली ती मावा कोणता, यावरून. ऱ्होपॅलोसायफम पॅडाय ज्याला नेतो तो आरपीव्ही, सायटोबियन अ‍ॅव्हेनी (तेव्हाचं मॅक्रोसायफम) नेतो तो एमएव्ही, दोघंही नेतात तो पीएव्ही. जीनोम वाचल्यावर चित्र बदललं. पीएव्ही, एमएव्ही आणि पीएव्हीचा जवळचा नातलग पीएएस हे ल्युटिओव्हायरस गटातले. आरपीव्ही मात्र पोलेरोव्हायरस या दुसऱ्या गटातला निघाला, आणि आता तर या दोन गटांची कुळंसुद्धा वेगळी केली आहेत. लक्षणं पाहून यातलं काहीच ओळखता येत नाही. पीएव्ही आणि पीएएस इतके जवळचे, की एलायझाची अँटीबॉडी दोघांना चिकटू शकते. म्हणजे तुमचा 'पीएव्ही' हा पीएएससुद्धा असू शकतो.

म्हणून मी आधी गटाचे प्रायमर (नेमक्या जागी चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावून कोट प्रोटीनच्या, म्हणजे विषाणूच्या कवचाच्या प्रथिनाच्या, जनुकाचा तुकडा वाढवते आणि तो दोन्ही बाजूंनी सिक्वेन्स करते, म्हणजे त्यातला बेसचा क्रम वाचते. क्रोमॅटोग्राम (त्या वाचनाचा रंगीत शिखरांचा आलेख) स्वतः उघडून बघा, फक्त मजकुराची फाईल घेऊ नका. एकाच जागी दोन रंगांची शिखरं एकावर एक बसलेली आणि तसं पुन्हापुन्हा होत असेल, तर बहुतेक मिश्र संसर्ग आहे. तृणधान्यांत तो काही दुर्मीळ नाही. अशा वेळी प्रजातीनिहाय प्रायमरांची मल्टिप्लेक्स (एकाच नळीत अनेक प्रायमरांची पीसीआर) लावा, नाहीतर तुकडे क्लोन करून, म्हणजे एकेक वेगळा काढून त्याच्या प्रती करून, वेगवेगळे वाचा.

कोट प्रोटीन जुळलं तरी थांबू नका. या विषाणूंमध्ये पुनःसंयोजन होतं: जीनोमचा पॉलिमरेजकडचा (आरएनएच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनाकडचा) अर्धा भाग एकाचा आणि कोट प्रोटीनकडचा दुसऱ्याचा, असंही सापडतं. पॉलिमरेजचा एक तुकडा वाचलात तरच खात्रीने बोलता येईल. प्रजाती वेगळी ठरवायला कुठल्याही एका प्रथिनात अमिनो आम्लांचा 10 टक्क्यांहून जास्त फरक, हा निकष वापरला जातो. तुमचा नमुना या सीमेवर आला, तर सुमारे 5.7 हजार बेसचा पूर्ण जीनोमच वाचलेला बरा.

निगेटिव्ह आलं तर लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. विषाणू फ्लोएमपुरताच (अन्नरस वाहणाऱ्या ऊतींपुरताच) असतो, त्यामुळे पानात त्याचं प्रमाण कमी. वाळलेलं टोक घेऊ नका, आणि सोबत वनस्पतीच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची पीसीआर ठेवा, म्हणजे आरएनए खराब झालाय का ते कळेल. हो, आणि गव्हाचा ड्वार्फ विषाणूही डोक्यात असू द्या. लक्षणं तशीच, पण तो तुडतुड्यांमार्फत पसरतो आणि त्याचा जीनोम डीएनएचा आहे. आरएनए विषाणूंच्या या प्रायमरांना तो दिसणारच नाही.

मावाच थेट तपासायचा विचार असेल तर एवढंच: माव्यात विषाणूचा आरएनए सापडला म्हणजे तो रोग पसरवतोच असं नाही. आतड्यातून रक्तद्रवात आणि तिथून लाळग्रंथीत विषाणू पोचला पाहिजे. नुसता आतड्यात अडकलेलाही पीसीआरमध्ये दिसतो. प्रसार सिद्ध करायचा तर तो मावा निरोगी रोपावर सोडून नंतर ते रोप तपासावं लागेल.