वेदर-सील्ड कॅमेरा गोव्याच्या पावसात बिनधास्त वापरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाल्याचे, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाचे फोटो काढायला पुण्याहून येताय, कॅमेऱ्याची बॉडी आणि २४-१०५ झूम लेन्स दोन्ही वेदर-सील्ड आहेत, मग पावसाची काळजी करायची का? मी माशेलच्या जवळच राहतो, काला बहुतेक दरवर्षी टिपतो. पावसाची काळजी थोडी करा, हवेची जास्त.

सीलिंग म्हणजे सांध्यांना बसवलेलं रबर. शिंतोडे अडतात, पण तो कॅमेरा काही वॉटरप्रूफ होत नाही. त्यात तुमची लेन्स झूम करताना पुढे येते, म्हणजे पिचकारीच्या दट्ट्यासारखी दरवेळी बाहेरची हवा आत ओढते. लेन्सची पुढे आलेली नळी ओली असताना झूम मागे घेऊ नका, आधी पुसा. मायक्रोफायबरचा तो छोटा रुमाल दोन मिनिटांत भिजतो. मी गळ्यात सुती पंचा टाकतो. लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची कडा लावा, फोटो काढत नसाल तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड खाली. मैदानात लेन्स बदलायची नाही.

देवकीकृष्णाच्या देवळासमोर अंगाला तेल चोपडून लोक चिखलात उतरले की तुमच्यावरही उडणारच. एरवी मी यूव्ही फिल्टरला, म्हणजे लेन्सपुढे बसवायच्या जादा काचेला, पैसे वाया म्हणतो, त्या दिवशी मात्र लावतो. काचेवर चिखल उडाला तर कोरडा घासू नका, त्यात वाळू असते. पाण्याने ओघळू द्या, मग टिपा.

आता हवेचं. एका वर्षी मी मित्राच्या गाडीत एसी लावून आरामात पोचलो, कॅमेरा मांडीवर. दार उघडलं आणि लेन्स पांढरी. पुसली, पुन्हा पांढरी. व्ह्यूफाइंडरही धुरकट. मी पुसतोय आणि समोर गडी एकमेकांना चिखलात लोळवतायत! जुलैत इकडे तापमान २७-२८ अंश आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत २५ अंशांपेक्षा गार काचेवर दव धरणारच, आणि एसी तर २२ वर होता. पुसून उपयोग नसतो, काच गरम व्हायला हवी. म्हणून कॅमेरा झिप पिशवीत बंद करून बॅगेत ठेवा, पोचायच्या आधी अर्धा तास एसी बंद करा आणि पिशवी बाहेर आल्यावरही लगेच उघडू नका. लॉजवर एसी खोली घेतलीत तर सकाळी हाच प्रकार होईल.

कॅमेरा खरंच आत भिजला तर चालू करून बघायचा मोह टाळा. बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली ठेवा. तांदळात पुरू नका, पीठ आणि धूळ आत जाते.

परत गेल्यावर बॅग तशीच कपाटात टाकू नका. माझी ५० एमएम लेन्स चामड्याच्या कव्हरात घालून पावसाळाभर कपाटात राहिली होती. चवथीला काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी. साफ करून घेतली, पण काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलं होतं ते गेलंच. तेव्हापासून सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासोबत. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. ती ५० एमएम अजून वापरतो. समोरून दिवा आला की मात्र चित्रावर दूध सांडल्यासारखं होतं.