मिलानमध्ये दोन दिवस

प्रश्न : जूनमध्ये आम्ही झ्युरिकहून रेल्वेने मिलानला जातोय. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मिलान म्हणजे नुसती फॅशन आणि महागडी दुकानं, असं सगळे सांगतात. दोन दिवसांत काय बघावं, फिरावं कसं? आम्ही शाकाहारी आहोत. – एक वाचक, नाशिक

उत्तर : पूर्ण दोन दिवस ठेवलेत, फार बरं केलंत. पुष्कळ सहली मिलानला एका दुपारीत उरकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात आधी लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'चं तिकीट काढा. बाकीचा बेत त्या वेळेभोवती बसवा. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए चर्चशेजारच्या मठाच्या भोजनगृहात, भिंतीवरच हे चित्र आहे. ठरावीकच माणसं आत सोडतात, तीही पंधरा मिनिटांसाठी. तिकिटं काही महिने आधी विक्रीला येतात आणि लगेच संपतात. सोमवारी बंद असतं. लिओनार्दोने ओल्या गिलाव्याऐवजी कोरड्या भिंतीवर रंग लावला, म्हणून त्याच्या हयातीतच पोपडे सुटायला लागले. १९४३च्या बॉम्बहल्ल्यात त्या दालनाचं छप्पर कोसळलं. वाळूची पोती रचून ठेवली होती म्हणून चित्राची भिंत उभी राहिली. हे ठाऊक असलं की ती पंधरा मिनिटं वेगळीच जातात.

तुमची गाडी चेंत्राले स्थानकात येईल. तिथून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने चौथं स्थानक दुओमो. टॅप करायचं बँककार्ड मेट्रोच्या फाटकावर चालतं; प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि बाहेर पडतानाही तेच टेकवायचं. दुओमो म्हणजे शहराचं मुख्य चर्च; त्याचं बांधकाम १३८६मध्ये सुरू झालं. त्याचा गुलाबी छटेचा संगमरवर मॅजोरे सरोवराजवळच्या खाणीतून होड्यांमधून, कालव्यांच्या वाटेने शहरात यायचा. छतावर जाच. लिफ्ट आहे, पण वर थोड्या पायऱ्या उरतातच; सासूबाईंना त्या जड वाटल्या, तर त्यांना खाली चर्चमध्ये निवांत बसू द्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे साडी उत्तम.

शेजारच्या काचेच्या छताच्या गॅलेरियातून चालत स्काला नाट्यगृहापाशी निघा आणि १ नंबरची ट्राम पकडा. या मार्गावर १९२८च्या बनावटीच्या जुन्या ट्राम अजून धावतात, आत लाकडी बाकं. त्यांच्या पायऱ्या उंच आहेत, सासूबाईंना हात द्यावा लागेल. पण एकदा खिडकीशी बसल्या की शहर आपणहून समोरून सरकतं. माझ्या मते मिलान बघायची हीच खरी रीत. स्फोर्झेस्को किल्ल्यापाशी उतरा. तिथे मायकलअँजेलोची रोंदानिनी पिएता, म्हणजे मृत येशूला धरलेल्या मेरीची संगमरवरी मूर्ती आहे. १५६४मध्ये मरण येईपर्यंत तो ती घडवत होता, तरी अपुरीच राहिली. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं चुकवू नका.

फॅशनसाठी मोंतेनापोलेओने रस्त्यावर एक फेरी पुरे. संध्याकाळी नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी बसा.

जेवणाचं मात्र जपून. इथला केशर घातलेला रिसोत्तो, म्हणजे आसट भात, दिसायला शाकाहारी, पण त्यात बहुधा मांसाचा रस्सा आणि हाडातली मज्जा असते. मागवण्याआधी 'सेन्झा कार्ने?' (मांसाशिवाय?) म्हणून विचाराच. सूपलाही तेच लागू. पिझ्झा मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच असतं, चीजसुद्धा नसतं. नाव ऐकून मासे असतील असं वाटतं, पण तो बेधडक मागवा.