सातपुड्याला जायचं राहिलं

प्रश्न (पत्र मोठं होतं, थोडक्यात देत आहे): बाई, प्रभूमध्ये सलाम. मी निवृत्त शिक्षक, वय ६१. मी आणि मिसेस दोन वर्षं सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यात मिशनच्या सेवेला जाणार होतो. फेब्रुवारीत आमच्या चर्चच्या मंडळीने हात ठेवून प्रार्थना केली, निरोपाचं जेवणही झालं. एप्रिलमध्ये मिसेसना धाप लागू लागली. हृदयाची मायट्रल झडप खराब निघाली, ती बदलून धातूची बसवली. आता रोज रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिट्रोमची गोळी. आमचं जाणं पुढे ढकला, असं मी मिशन बोर्डाला कळवलं आहे, पण मनाला शांती नाही. लूक ९:६२ सारखं आठवतं, नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला लायक नाही. मंडळीतले एक वडील म्हणतात, हा सैतानाचा अडथळा आहे, तुम्ही एकटे पुढे व्हा. मी चुकलो का?
– एक वाचक, संगमनेर

भाऊ, सलाम. तुम्ही चुकला नाहीत. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण अशा एका पत्रातली ‘मिसेस’ मी होते.

१९९१ साली आमच्या साहेबांचं धुळे जिल्ह्यात जायचं ठरलं. तुमचं धडगाव तेव्हा धुळ्यातच होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. ट्रंका भरून झाल्या आणि माझ्या मणक्याला क्षय निघाला. दीड वर्ष औषधं, त्यातले पहिले तीन महिने फळीवर पडून. साहेबांनी जाणं पुढे ढकललं आणि रविवारी उपासनेत सांगून टाकलं, “आमच्या घरच्यांच्या तब्येतीमुळे थांबावं लागतंय.” मला ते संध्याकाळी महिला मंडळाच्या बायकांकडून कळलं. त्या खाटेभोवती उभ्या राहिल्या आणि प्रेमाने प्रार्थना केली, “प्रभू, हिला लवकर बरं कर, पाळकसाहेबांची वाट मोकळी कर.” मी डोळे मिटून पडले होते. देवाचं पाचारण मलाही होतं हो. तिथल्या पावरी बोलीचे शब्द मी वहीत उतरवून पाठ करत होते. त्या एका वाक्याने मी वाटेतला धोंडा झाले.

तुमच्या चार पानांत झडप आहे, गोळी आहे, बोर्ड आहे, ते वडील आहेत. तुमच्या मिसेसना काय वाटतं, त्याची एक ओळ नाही. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. त्या रडतील, चिडतील, कदाचित म्हणतील की तुम्ही जा. तेही पूर्ण ऐकून घ्या, लगेच समजूत घालू नका.

त्या वचनाचं म्हणाल तर मागे पाहणं वेगळं आणि जखमी जोडीदारासाठी औत थांबवणं वेगळं. शेतकऱ्याच्या पोराला हे मी काय सांगू? प्रेषित पौलाकडे मदतीला आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत आजारी झाला. पौलाने त्याला फिलिप्पैला परत पाठवलं आणि मंडळीला लिहिलं की अशा माणसांना मान द्या. त्याने सेवा अर्धी टाकली, असा शब्दही पौल काढत नाही.

आणि ‘एकटे पुढे व्हा’ हा सल्ला. आपल्या भाषेचं व्याकरण १८०५ साली छापणारे मिशनरी विल्यम केरी आपल्याला थोर आहेत, मलाही आहेत. पण त्यांच्या घरात काय झालं ते आपण उपदेशातून फारसं सांगत नाही. १७९३ मध्ये त्यांची पत्नी डोरोथी दिवस भरत आलेली होती आणि हिंदुस्थानात यायला तयार नव्हती. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघालेही. जहाजाचं बिनसलं म्हणून परतले, तोवर ती बाळंत झाली होती. त्यांनी पुन्हा गळ घातली, तेव्हा धाकटी बहीण सोबत येणार या अटीवर ती निघाली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तिचा पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. तिचं मन ढासळलं ते सावरलंच नाही, १८०७ मध्ये ती बंगालमधल्या श्रीरामपूरलाच वारली. केरींच्या कामाचं मोल मी कमी करत नाही. पण तिच्याही वाट्याचं कुणी मोजावं, असं मला फार वाटतं.

आता कामाचं. धातूच्या झडपेला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर लागते आणि आय.एन.आर.ची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी चुकवून चालत नाही. सुरुवातीला ती वरचेवर होते, आकडा स्थिरावला की अंतर वाढतं. पालेभाजी रोज साधारण सारखीच खायची, एक दिवस टोपलीभर आणि चार दिवस काहीच नाही असं नको. धडगावच्या वाटेवरच्या चांदसैली घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा यंदाचा जून तुमचा नव्हेच. डॉक्टरांना ‘जाऊ का?’ असं मोघम विचारू नका. तपासणी कुठे होईल, रस्ता बंद पडला तर काय, डोक्याला मार लागला तर किती वेळात दवाखाना गाठायचा, हे कागदावर लिहून न्या. मिसेसना सोबत न्या आणि त्यांनाच बोलू द्या. कदाचित धडगावऐवजी शहाद्यात राहून करता येईल असं काम बोर्डाकडे असेल. तेही विचारा.

बोर्डाला नवं पत्र लिहा. ‘पत्नीच्या आजारपणामुळे’ हे शब्द काढा, ‘आम्ही दोघांनी ठरवलं आहे’ असं लिहा, आणि पुन्हा कधी कळवाल तो महिना टाका. सही दोघांची. आमचं तसं पत्र १९९३ च्या जानेवारीत गेलं. मजकूर मी सांगितला, साहेबांनी लिहून घेतला.